खरखर नसलेला रेडिओ

आगरला आमच्या घरी वडिलांचा जुना रेडिओ बंद पडला, तेव्हा मी ब्लूटूथचा स्पीकर आणला आणि मोबाइलवर इंटरनेट रेडिओ लावून दिला. आवाज अगदी स्वच्छ येत होता. वडील थोडा वेळ ऐकत बसले आणि म्हणाले, "यात खरखर कुठाय?"

"नाही म्हणूनच तर आणलाय," मी वैतागून म्हणालो आणि जुना रेडिओ भंगारवाल्याला देऊन टाकला.

त्या खरखरीच्या भरवशावर त्यांनी जन्मभर मासेमारी केली होती. लांब कुठे वीज चमकली की होडीतला रेडिओ कडकडायचा, आणि आभाळात काही दिसायच्या आधीच ते जाळं ओढून किनाऱ्याकडे वळायचे. हे मला ठाऊक होतं. पण होडी विकून चार वर्षं झाली होती, आता कसली खरखर आणि कसलं काय.

हल्ली ते रोज सकाळी स्पीकर उंबऱ्यावर ठेवतात, तोंड समुद्राकडे करून. रेंज गेली की गाणं मध्येच तुटतं. मग ते हात वर करून मला गप्प करतात आणि कानोसा घेतात.

"लांब वीज चमकली. होडी वर ओढायला सांग."

आधी मी रेंजचं समजावून सांगायचो. आता नुसता हो म्हणतो.