गौरम्माचा रिकामा पदर

मादन हिप्परगा गावच्या गौरम्माकडं बी मागायला आलेला माणूस रिकाम्या हातानं परत गेला, असं चाळीस वर्षांत घडलं नाही. राखेत घोळून मडक्यात ठेवलेली तिची काळी तूर पंचक्रोशीत फिरायची. मागणाऱ्यानं पदर नाहीतर उपरणं पसरायचं, तिनं ओंजळीनं घालायचं, पीक आलं की त्यानं सवाईनं, शेराला सव्वा शेर, परत आणायचं. बियाला किंमत लावणं तिला लेकराला किंमत लावण्यासारखं वाटे.

दोन वर्षांमागं बियाणं कंपनीचा मंजुनाथ साहेब दारात आला. बूट काढले, खाली बसून रुमाल पसरला. गौरम्मा विरघळली आणि तिनं मडकं निम्मं केलं. साहेबानं ते बी वाढवलं, चकचकीत पुड्यांत भरलं, वर तिचाच फोटो छापला. सवाई तेवढी विसरला; मोठ्या माणसांना व्याप थोडे असतात?

गेल्या साली अतिपावसानं मुळं कुजून साऱ्या शिवाराची तूर उभी वाळली. मडक्यात नुसती राख उरली. यंदा पेरणी आठ दिवसांवर आली आणि कलबुर्गीहून कंपनीचं सत्काराचं बोलावणं आलं. साहेबाला सवाई आठवली, असं समजून गौरम्मा भक्कम पदराचं इरकली लुगडं नेसून गेली.

सभागृहात ‘जबाबदार व्यवसाय’ असा मोठा फलक होता. मंजुनाथ तासभर बोलला. “बी मागणाऱ्याला परत पाठवायचं नाही, हा अक्कांचा धडा आमच्या कंपनीचा पाया आहे!” मग शाल, हार, नारळ झालं. मागं टेबलावर पुड्यांची रास होती.

गौरम्मानं पदर पसरला. “साहेब, पेरणी तोंडावर आलीया. माझं बी कामून आणून दिलं न्हाई? आता घाला.”

मंजुनाथ तिच्या कानाशी लागला. “अक्का, असं देता येत न्हाई. दुकानातून घ्यावं लागतंय.”

लोकांना वाटलं, परंपरेचं प्रात्यक्षिक चाललंय. टाळ्यांचा कडकडाट झाला. फोटोवाला पुढं सरसावला. “अव्वा, आणखी एकदा पसरा. पदर नीट आला न्हाई.”

मागणाऱ्याला नाही म्हणायची तिला सवयच नव्हती. तिनं पदर आणखी रुंद धरला. “काढ की फोटू. पर आदी बी पडू दे.”

तेवढ्यात जेवणाची हाक आली. पाहुणे उठले, मंजुनाथ उठला, पुड्या खोक्यांत गेल्या. गौरम्मा पदर धरून उभीच राहिली.

पुढल्या हंगामाच्या पुडीवर तोच फोटो आला. पदर रिकामा दिसू नये म्हणून कंपनीनं त्यात तूर रंगवून घेतली होती.