बोंजूरबाईंचं चुकलेलं टेबल

आमच्या शाळेत फ्रेंच शिकवणाऱ्या बाईंना मुलं बोंजूरबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, पण चिडायला त्यांच्यापाशी त्राण नव्हतं. सकाळी आमची शाळा, दुपारी पलीकडची, आणि घरी अंथरुणाला खिळलेले वडील. मधल्या बसप्रवासात त्या वह्या तपासायच्या आणि तपासता तपासता वहीवरच मान टाकायच्या. मी निवृत्त होईपर्यंत त्यांच्या शेजारच्या वर्गात गणित शिकवलं. भिंतीपलीकडून एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू यायचं, पण आवाज चढलेला कधी ऐकला नाही.

मूल एकटं बसलेलं त्यांना बघवत नसे. "ओळखीचं कुणी शेजारी असलं की तोंड उघडतं हो," म्हणत त्या बाकं सरकवायच्या.

यंदा हेडसरांनी स्पष्टच सांगितलं, "बाई, मुलं घोकून पास होतात, बोलत कुणी नाही. आंतरशालेय भाषा दिवसाला मी येतो. मुलं आपसात त्या भाषेत बोलताना दिसली तर वर्ग ठेवू, नाहीतर पुढच्या वर्षी बंद."

त्या दिवसाचा खेळ बाईंनी आणि दुसऱ्या शाळेतल्या जर्मनच्या सरांनी मिळून रचला होता. चार शाळा, प्रत्येकीची शिकायची भाषा वेगळी. प्रत्येक टेबलाशी प्रत्येक शाळेचं एक मूल. टेबलावर एका स्टुलाचे सुटे भाग, आणि जोडणीच्या सूचना चार कागदांवर वाटलेल्या, एकेक भाग एकेका भाषेत. या चार सोडून दुसरी कुठलीही भाषा तोंडातून निघाली की अख्ख्या टेबलाने हात मागे बांधून उभं राहायचं. शिट्टी वाजवायला मला बोलावलं होतं.

यजमान म्हणून आमची मुलं चार जास्त निघाली. ती एकेक करून इतर टेबलांवर वाटायची, असं ठरलं होतं. पण त्यांत एक चष्मेवाली होती, जी वर्गात हजेरीसुद्धा कुजबुजत द्यायची. बाईंनी सवयीने ती चौघं एकत्र बसवली आणि त्यांच्यापुढेही तेच चार कागद ठेवले.

शिट्टी वाजली. कागद उलगडले. चष्मेवालीने पहिला वाचला, दुसरा हातात घेतला आणि बाईंकडे पाहिलं. बाईंच्या तेव्हा लक्षात आलं. चौघांना मिळून येणारी भाषा एकच, बाकीचे तीन कागद, चित्रं सोडली तर, त्यांच्या दृष्टीने कोरेच.

"अहो, उठवा आणि वाटून टाका," जर्मनचे सर कानाशी म्हणाले.

"हेडसर दारात उभे आहेत," बाई म्हणाल्या आणि खिडकीला टेकल्या.

हेडसर टेबलांमधून फिरू लागले. आणि मग आम्हाला दुसरी चूक दिसली, भाषेच्या शिक्षकांनाच जमेल अशी. बाकीच्या टेबलांवर चौघांच्या चार भाषा, इतर भाषांना बंदी, मग बोलणार कुणाशी? सगळे मूग गिळून हातवारे करत होते. एक जण स्वतःची मांडी थोपटून स्टुलाचा पाय समजावत होता. स्टुलं मात्र भराभर उभी राहत होती.

"भाषांचा दिवस आहे की मौनव्रत?" हेडसरांनी विचारलं. जर्मनचे सर आढ्याकडे पाहू लागले.

आवाज येत होता तो एकाच टेबलावरून. चुकलेल्या. तिथे चौघं कागदावरच्या चित्रांवरून भांडत होती, मोडक्यातोडक्या का होईना, फ्रेंचमध्ये. हा पाय वर की खाली? खाली! नाही, वर! चष्मेवालीचा आवाज सगळ्यांत मोठा होता. ती शेजाऱ्याच्या हातातून पाय ओढून घेत होती आणि तू ऐकतच नाहीस म्हणून त्याला फ्रेंचमध्येच झापत होती. हेडसर तिच्या मागे बराच वेळ थांबले. त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण भांडण कळत होतं.

मी शेवटची शिट्टी दिली तेव्हा त्या टेबलाचं स्टूल तीन पायांवर होतं. चौथा कुठे बसवायचा ते जर्मन कागदावर नुसत्या शब्दांत होतं.

"ही चौघं खरंच बोलतात की," हेडसर बाईंना म्हणाले.

बाईंना नुसती मान हलवून सुटता आलं असतं. "सर, ते टेबल माझ्या हातून चुकलंय," त्या म्हणाल्या. "ती चौघं एकत्र बसायचीच नव्हती."

"बोलली ना?"

"बोलली."

"मग राहू दे वर्ग. आणखी एक वर्ष बघू." जाता जाता ते थांबले. "पुढच्या वेळी मात्र खेळ नीट आखा. हे असं नको."

"पुढच्या वेळी," बाई पुटपुटल्या. वर्ग राहिला होता. म्हणजे ती बस राहिली, वह्या राहिल्या, आणि आता हा खेळही नव्याने आखायचा. आनंद झाला असणार. चेहऱ्यापर्यंत पोचायला त्याला वेळ लागत होता.

हॉल रिकामा झाला. मी खुर्ची ओढेपर्यंत बाई त्या तीनपायी स्टुलावर बसल्यासुद्धा. ते कलंडायला लागलं, तसा त्यांनी मोकळ्या कोपऱ्याखाली आपला पाय सरकवला.

"अहो, पडाल," मी म्हणालो.

"नाही पडत," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "बस यायला अजून वेळ आहे. आली की हाक मारा."