पिवळ्या रंगाचा एक हात जास्त

मिस्त्रींचं उभं आयुष्य गाड्यांच्या वायरी आणि दिवे दुरुस्त करण्यात गेलं. अशा माणसाला स्वतःच्याच डोळ्यांतला बिघाड कळला नसेल असं कोणी म्हणालं, तर ते साफ खोटं. चांगलं कळलं होतं. किती तरी दिवसांपासून जग त्यांना धुरकट आणि पिवळसर दिसत होतं. पण बोलायचं कुणाला? डोळे अधू झाले म्हटल्यावर गिऱ्हाईक गाडी देणार नाही आणि घरचे दुकान उघडू देणार नाहीत. बायको गेल्यापासून तर त्यांचा सगळा जीव त्या दुकानातच होता. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची! वायरीचा रंग ओळखू येईना, की ते ती या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांनी चाचपत जायचे आणि वर ऐटीत सांगायचे, की रंगावर काय जायचं, रंग माणसाला फसवतो.

घरात माणसं दोनच, मिस्त्री आणि त्यांची सून. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा उगवायचा. सासऱ्या-सुनेचं मात्र छान जमायचं. ती त्यांच्या दुकानाला आजारी गाड्यांचा दवाखाना म्हणायची, आणि ते म्हणायचे, की ही पोर गाडी चालवते ती जणू मागे वाघ लागल्यासारखी. ती डोंगरापलीकडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जायची. उजाडायच्या आत निघायचं, घाटाची वळणं, आणि थंडीत धुकं असं, की गाडीचं नाकसुद्धा दिसू नये.

एकदा जेवताना ती म्हणाली, की बाबा, माझ्या गाडीचे खालचे धुक्याचे दिवे पिवळे करून द्या ना. पांढरा उजेड धुक्यावर आपटून माघारी माझ्याच डोळ्यांत येतो.

मिस्त्रींना कोण आनंद! पोरीने कधी नव्हे ते काही मागितलं होतं. पिवळे बल्ब बाजारात आयते मिळतात, पण आयत्या मालाचा त्यांना भारी राग. त्यांनी सुट्टीच्या दिवशी दोन्ही दिवे उतरवले, काचा बारीक पॉलिश पेपरने घासल्या, पुसून लख्ख केल्या आणि पारदर्शक पिवळ्या रंगाचा फवारा घेतला. त्यांची पद्धत ठरलेली होती. एक हात मारायचा, वाळू द्यायचा, मग दिवा लावून दुकानाच्या पांढऱ्या भिंतीवर उजेड पाहायचा.

पण भिंतच पिवळी! दिवा लावायच्या आधीही पिवळी आणि लावल्यावरही तशीच. रंग चढलाच नाही असं वाटून त्यांनी दुसरा हात मारला. तरी फरक दिसेना. मग तिसरा, आणि मनाचं समाधान व्हावं म्हणून आणखी एक. शेजारच्या पंक्चरवाल्याला हाक मारली असती तर दोन मिनिटांचं काम होतं. पण हाक मारायची म्हणजे मूठ उघडायची. मिस्त्रींनी गुपचूप दिवे परत बसवले आणि सूनबाईला सांगितलं, की डोळ्यांत तेल घालून काम केलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परतली तेव्हा गाडीची डावी बाजू चेपली होती. वळणावर कठडा दिसलाच नाही, घासून गेली, एवढंच ती म्हणाली. मिस्त्रींनी आधी धुक्याला शिव्या दिल्या, मग रस्ता बांधणाऱ्याला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! तिने गाडी दुकानाच्या भिंतीसमोर लावली, दिवे सुरू केले आणि त्यांना जवळ बोलावलं.

"बाबा, खरं सांगा. हा उजेड तुम्हाला कसा दिसतो?"

"लिंबासारखा. का गं?"

भिंतीवर बिनदुधाच्या कडक चहाच्या रंगाचे दोन मिणमिणते डाग पडले होते. तिने गळ्यातली पांढरी शुभ्र ओढणी काढून त्यांच्यापुढे धरली आणि हिचा रंग कोणता म्हणून विचारलं. मिस्त्री सवयीने ओढणी बोटांनी चाचपू लागले. त्यांना एकदम कळलं, की आज सकाळी आपल्या हातच्या कामाने ही पोर दरीत गेली असती. ते तिथेच स्टुलावर बसले.

"आता दुकान बंद करायला लावशील," ते कसेबसे म्हणाले.

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. आधी तिला रडू आलं, मग राग आला. दुकानापायी माझा जीव घेणार होतात का, असं तिने तोंडावर विचारलं, आणि विचारून झाल्यावर त्यांचा रंगाने माखलेला हात हातात घेतला. मग म्हणाली, की दुकान कुठेही जात नाही. आधी दिवे नीट करू, मग डोळे.

दोघांनी मिळून रंग खरवडून काढला. फवारा मिस्त्रींच्या हातात आणि नजर तिची. पहिला हात वाळल्यावर भिंतीवर कोवळ्या उन्हासारखा उजेड पडला आणि ती म्हणाली, बास बाबा, पुरे.

मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटायची त्या दिवशी ती पाळी संपवून तशीच धावत आली होती. डॉक्टरने पट्टी काढली. मिस्त्रींनी आधी भिंत पाहिली. पांढरी. उशी पांढरी. ते लहान मुलासारखे हसले आणि तिच्याकडे वळले.

त्यांचं हसू तिथेच थांबलं. आजवर पिवळसर धुरातून त्यांना सुनेचा चेहरा नेहमी टवटवीत दिसायचा. आता डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली, ओढलेले गाल दिसले, कानापाशी पांढरे झालेले केस दिसले.

"केवढी दमलीस गं पोरी," मिस्त्री म्हणाले. "आणि मला इतके दिवस दिसलंच नाही."

डॉक्टरने रडायचं नाही म्हणून बजावलं होतं. तिने ओढणीच्या टोकाने हलकेच त्यांचे गाल टिपले, आणि मग तीच त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडली.