शेऱ्याचा रकाना

गौतमी नक्की काय शिकते, हे धड सांगू शकेल असा कोळवणात एकच माणूस होता, आणि तो चौथी पास होता. बाकी गाव पाच वर्षं अंदाजावर चाललं होतं. पोरगी मेंदूची डॉक्टर होणार, हा त्यातला लाडका अंदाज. त्या भरवशावर शेजारची लीलाबाई दर रविवारी आपली अर्धशिशी घेऊन ओट्यावर हजर व्हायची.

"आत्या, मी डॉक्टर न्हाई. मला गोळी देता येत न्हाई," गौतमी सांगायची.

"मंग पाच वर्सं शिकतीया काय?" लीलाबाई विचारायची, आणि डोकं पुढे करून बसायचीच.

गौतमीचा बाप शेखर कोळवण ते पौड जीप चालवायचा. त्याने अभ्यासक्रम आपल्या हिशेबाने समजून घेतला होता. बारावीनंतर एकदम एम.एस्सी., पाच वर्षांचं एकच तिकीट. तीन वर्षांनी बी.एस्सी.चा कागद घेऊन उतरायचं म्हटलं तर उतरता येतं, पण पुढची गाडी आपली आपण बघायची. जीपमधल्या बायाबापड्यांना तो हे इतक्यांदा सांगून चुकला होता, की विषय निघाला की क्लीनरच पुढचं वाक्य म्हणायचा.

विद्यापीठ पिरंगुटच्या पुढे, डोंगर कापून बसवलेलं. गौतमी तिथल्याच वसतिगृहात राहायची, रविवारपुरती घरी यायची. पहिल्या वर्षी गौतमीला मेंदूचं नखही दिसलं नाही. गणित, रसायन, संगणक यांतच वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी पेशी आल्या. तिसऱ्या वर्षी पिरंगुटच्या खाटकाकडून बोकडाचे मेंदू आणून चिरायला दिले, आणि त्यानंतर घरी भेजा केला की ती चटणी-भाकरीवर भागवू लागली. तिसरं वर्ष संपलं तेव्हा वर्गातली निम्मी पोरं उतरून गेली. ही उतरली नाही. हुशारीपेक्षा यात हट्टच जास्त होता, आणि तो घराण्यातला होता.

पाचवं वर्ष म्हणजे एकच प्रयोग आणि त्यावरचा प्रबंध. तिचा प्रयोग सोळा उंदरांवर होता. आठ वाटा असलेली एक लाकडी पेटी, त्यातल्या चार वाटांच्या टोकाला बिस्किटाचा तुकडा. कुठल्या चार, हे उंदरांनी तीन आठवड्यांत शिकायचं. मग आठांना एक औषध टोचायचं आणि आठांना नुसतं मिठाचं पाणी. त्यानंतर एकदाच चाचणी. औषधवाले वाटा विसरले, तर ते औषध आठवणीच्या मुळाला हात घालतं असं म्हणता येणार होतं. बिस्किटाची ओढ टिकावी म्हणून या दिवसांत त्यांना बेताचंच खाणं.

हे सगळं जाणणारा तो चौथी पास माणूस म्हणजे गेणबा. गौतमीच्या घरापासून चार घरं सोडून त्याचं घर. त्याच्या तीन खाचरांपैकी दोन पुण्याच्या एका माणसाने फार्महाऊससाठी घेतली, आणि साठीला टेकलेला गेणबा ठेकेदाराच्या हाताखाली विद्यापीठाच्या उंदीरखोलीत लागला. जन्मभर बांध पोखरतात म्हणून ज्यांच्या बिळांत पाणी ओतलं, त्यांनाच आता तो दाणापाणी करायचा. "देवाच्या दरबारात हिशोब चुकत न्हाई," असं म्हणून तो स्वतःच हसायचा. कुणी विचारलं, की सांगायचा, "गौतमी व्हय? उंदराच्या ध्यानात काय ऱ्हातं आन् काय जातं, ते बगती." याहून नेमकं तिच्या प्रबंधाच्या पहिल्या पानावरही नव्हतं.

उंदीरखोलीच्या दाराला एक वही टांगलेली असे. तारीख, तापमान, दमटपणा, खाणं, पाणी, सही आणि शेवटी शेरा. तापमान बघायला सगळे यायचे. शेऱ्याचा रकाना मात्र, कुठल्याही कचेरीतल्यासारखाच, कुणीही वाचायचं नाही.

चाचणी नेमकी नव्याच्या पुनवेला आली. त्या दिवशी कोळवणात नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधतात. हळवं भात आधी तयार होतं, त्यातलं थोडं झोडून, कांडून नवा तांदूळ शिजवतात. गेणबाच्या घरची रीत अशी, की माणसांनी तोंड लावायच्या आधी नव्याचा घास बांधलेल्या जिवांना द्यायचा. गाय, बैल, साखळीतलं कुत्रं. मोकळा जीव आपलं आपण शोधून खातो, आपण ज्याला कोंडलंय त्याचा मान आधी.

सकाळी साडेआठला गौतमी उंदीरखोलीत आली, तेव्हा गेणबाची रात्रपाळी संपून तो गेलेला होता. चाचणीत मिठाच्या पाण्याचे आठही उंदीर तडक आपापल्या वाटांनी धावले. औषधाचे आठ पेटीच्या मधोमध बसले. त्यातल्या कान फाटलेल्या नऊ नंबरने तोंड धुतलं, अंग चाटलं आणि चक्क डोळे मिटले. गौतमीच्या अंगावर काटा आला. पुसलं गेलं, सगळं पुसलं गेलं, असं तिला वाटलं.

मग ती पिंजरे परत लावायला गेली. नऊ नंबरच्या भुशात एक पांढरं शीत होतं. तिने ते चिमटीत धरलं. जुन्या तांदळाचं शीत मोकळं असतं, हे बोटाला चिकटलं. तिने नाकाशी नेलं. पुण्याच्या पोरांना त्या वासातून काही कळलं नसतं. हिला घर कळलं, दिवस कळला आणि माणूसही कळला. औषधवाल्यांच्या पिंजऱ्यांना लाल खूण होती; त्या आठही पिंजऱ्यांत शोधलं, तर पाचांत शितं सापडली. माणसाचा घास म्हणजे उंदराचं पंगतीचं जेवण. ते काही विसरले नव्हते. त्यांची पोटं भरलेली होती.

तिने आठही पिंजऱ्यांचा भुसा बदलला आणि कुणाला काही बोलली नाही.

सुलक्षणा मॅडम तिच्या मार्गदर्शक, मूळच्या अमरावतीच्या. बारा वर्षं या औषधामागे लागलेल्या. चाचणीचा आलेख बघून त्या खुर्चीतून उठल्या आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. "गौतमी, असा निकाल नशिबात असावा लागतो," एवढंच म्हणाल्या. आठवड्याभरात तो आलेख परदेशातल्या एका संस्थेकडे गेला, आणि पीएच.डी.च्या मुलाखतीचं बोलावणं आलं. डिसेंबरात मुलाखत. शेखरने जीपमध्ये पेढे वाटले.

खरं सांगितलं, तर सगळंच जाणार होतं. प्रयोग पुन्हा करायला नवे उंदीर मागायचे, तर परवानगी देणारी समिती तीन-चार महिन्यांतून एकदा बसायची. पदवी मे महिन्यातून डिसेंबरात जाणार, मुलाखत हातची जाणार. आणि गेणबाची नोकरी? ठेकेदाराचा माणूस तो, चिठ्ठीसुद्धा न देता घरी पाठवतील. गौतमी हाच मुद्दा धरून बसली. म्हाताऱ्याच्या पोटावर पाय नको, म्हणून मी गप्प आहे, असं तिने स्वतःला इतक्या वेळा सांगितलं, की ते तिला जवळजवळ पटलं. आपल्या लबाडीला दुसऱ्याच्या नावाचा सदरा घालायला शहाण्या माणसाला फारसा वेळ लागत नाही. गौतमी तर मेंदूचंच शिकत होती.

दिवाळीला ती घरी आली. गेणबा ओट्यावर बसून विळ्याला धार लावत होता. न राहवून तिने हळूच विषय काढला.

"तात्या, पुनवंला तुमी उंदरांना भात घातला व्हता का?"

"व्हय की," गेणबा मान वर न करता म्हणाला. "सांजच्यालाच रांधला व्हता घरी. पाळीवर जाताना डब्यात नेला, पहाटं दिला. डब्यात थोडकाच व्हता, म्हनून लाल खुनंच्या आठांना दिला. सुई टोचल्यापासनं मलूल दिसत व्हती बिचारी."

"तात्या, त्यांना वरचं खाणं द्यायचं न्हाई, सांगितलं व्हतं ना?"

"खानं कुटं दिलं? तो मान हाय." मग त्याने विळा खाली ठेवला. "का गं? काय इस्कोट झाला का?"

गौतमी म्हणाली, "कुनाला सांगू नका. तुमची नोकरी जाईल."

गेणबाने तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं. "आता काय सांगायचं ऱ्हायलंय? मी लिवलंय की."

"कुटं?"

"दारावरच्या वहीत. पैल्या दिशी सायबानं सांगितलं व्हतं, रोजच्यापरास येगळं काय घडलं तर हितं लिवा. तवापासनं लिवतोय. मला वाटलं, तू वाचलं आसशील."

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशीच ती विद्यापीठात परतली. दारावरची वही काढली आणि तिथेच उभ्याने वाचायला लागली. नव्याची पुनव, मोठ्या गोल अक्षरांत: 'पहाटे लाल खुणेच्या आठांना नव्याचा भात दिला. एक एक घास. आनंदाने खाल्ला.' तिसऱ्या दिवशी: 'गौतमीला भाताचं सांगायला गेलो. ती घाईत होती.' त्याच्या पुढच्या दिवशी: 'परत गेलो. फोनवर होती.'

ती मागे मागे पानं उलटत गेली. दोन वर्षांचे शेरे होते. 'सहा नंबर रात्रभर फिरतोय.' 'नऊ नंबरचा कान सात नंबरने फोडला, दोघं वेगळे केले.' 'सुईनंतर आठही जणांचं पाणी निम्मं झालं.' हे शेवटचं तिच्या स्वतःच्या नोंदीत कुठेही नव्हतं. कागदावर रोज खरं लिहायचं, एवढीच शिस्त पाच वर्षं तिला शिकवली होती. ती शिस्त चौथी पास माणसाने पाळली होती, आणि हिने भुसा बदलला होता. तिला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज कुणाच्या नावावर टाकायची सोय आता उरली नव्हती.

वही घेऊन ती मॅडमच्या खोलीत गेली. मॅडमनी पुनवेचा शेरा दोनदा वाचला.

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी, मॅडम. पिंजऱ्यात शितं सापडली होती. मी भुसा बदलला."

मॅडम वहीची मागची पानं चाळत राहिल्या. "मराठीत लिहिलंय," अखेर त्या म्हणाल्या, "आणि मी या दारातून दोन वर्षं रोज जातेय." मग त्यांनी चष्मा काढून ठेवला. "त्या संस्थेला पत्र तू लिहिशील. आज. सही तुझी आधी, माझी नंतर."

संस्थेचं उत्तर चार ओळींचं आलं. कळवल्याबद्दल आभार, मुलाखत रद्द, पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करावा. शेखरने जीपमध्ये कुणाला काही सांगितलं नाही. फक्त एकदा भात कालवताना म्हणाला, "गाडी लेट हाय, रद्द न्हाई," आणि जेवत राहिला. गेणबावर कुणी आवाज चढवला नाही. मॅडमनी त्याच्यासाठी शब्द टाकला, म्हणून त्याला घरी न पाठवता ठेकेदाराने आवारातल्या झाडांच्या पाण्यावर घेतलं. उंदीरखोलीत रोहित नावाचा नवा माणूस आला. गौतमी आता रोज सकाळी आधी वही वाचायची. शेऱ्याच्या रकान्यात तारखेमागून तारीख एकच शब्द असायचा: 'ठीक.'

जुन्या सोळा उंदरांचं काम संपलं होतं. नियमाप्रमाणे जानेवारीत त्यांना भूल देऊन मारलं. मेंदू वाया नकोत, पुढच्या खेपेसाठी हात बसेल, असं ठरलं. नऊ नंबरचा मेंदू गौतमीने स्वतः काढला आणि त्याच्या पातळ चकत्या करून काचांवर बसवल्या. हात सफाईने चालला, याचंच तिला वाईट वाटलं.

मार्चात एका दुपारी ती चहाला निघाली, तर फाटकाजवळ गेणबा नळी धरून उभा होता.

"गौतमे, नऊ नंबर कसा हाय गं?"

बरा आहे, असं म्हणता आलं असतं. म्हातारा काही आत जाऊन बघणार नव्हता. शब्द अगदी ओठावर होता.

"न्हाई ऱ्हायला, तात्या. सोळाच्या सोळा गेली. मेंदू काढावा लागतो. नऊचा मी काढला."

गेणबाने नळी एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे नेली. आळं भरेपर्यंत पाण्याकडे बघत राहिला.

"मंग? नव्याचा भात व्हता का त्याच्या ध्यानात?"

"ते दिसत न्हाई, तात्या."

"पाच वर्सं शिकून?"

"पाच वर्सं शिकून."

"मंग दिसत न्हाई म्हनून लिव," गेणबा म्हणाला, आणि नळी ओढत पुढच्या आळ्याकडे गेला.