ठणका थांबला, गाठ होती तिथेच

मी बी.एस्सी. झाले, केमिस्ट्री घेऊन. कळव्याच्या आमच्या कोळी घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, हे मी आजही ताठ मानेने सांगते. नोकरी लागली डोंबिवलीच्या एमआयडीसीत, वेदनाशामक गोळ्यांच्या कारखान्यात. गोळ्या तपासायच्या लॅबमध्ये.

नव्वदनंतरच्या एका उन्हाळ्यात आईच्या छातीत गाठ लागली. आई ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची. गाठ ठणकायची, म्हणून गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी दिलेल्या, आमच्याच कंपनीच्या गोळ्या तिने त्यावरही घ्यायला सुरुवात केली. ठणका थांबला.

“आई, सुई टोचून तपासू. चल ना.”

“श्रावण लागू दे गं. तवा कोण मासळी खातंय? मग जाऊ निवांत.”

श्रावण लांब होता. लॅबमध्ये माझं लक्ष लागेना. एकदा मोजलेलं मी परत मोजायचे, तरी खात्री वाटायची नाही.

त्यातच दादा पेपर घेऊन आला. “बघ, तुझ्याच गोळ्या! नेहमी घेणाऱ्या बायकांना छातीचा कॅन्सर कमी होतो म्हणे. आईचं औषध चालूच आहे की!”

“आयकलंस?” आई खूश. “तुजी कंपनीच बरी करील मना.”

मी पेपर ओढून घेतला. सूज उतरवणाऱ्या या गोळ्यांनी कॅन्सर टळत असावा, शोध चालू आहे, एवढंच होतं. होऊ नये म्हणून घेणं वेगळं, झालेली गाठ जिरवणं वेगळं.

“ग्रॅज्युएट बाई, पेपरवाले खोटं लिहितात काय?” दादा म्हणाला.

“ते खरंच लिहितात. तू अर्धं वाचतोस.”

आई बर्फातली पापलेटं निवडत होती. मी तिच्यापुढे जाऊन बसले.

“बर्फातल्या मासळीला वास येतो?”

“नाय.”

“मग ताजी म्हणून घेशील तू?”

“अशी कशी घेईन? कल्ला उघडून बघीन ना आधी!”

“तुझी गाठ कुणी उघडून बघितलीय?”

तिचा हात थांबला. मग ती माझ्यावरच उखडली, “तुला शिकवली ती मनाच शिकवायला!” जरा वेळाने म्हणाली, “गुरुवारी जाऊ. गिऱ्हाईक कमी असतं.”

“उद्या.”

“उद्या बुधवार हाय! धंद्याचा दिवस!”

“उद्याच.”

बुधवारी तिने पाटी शेजारणीवर सोपवली आणि वाटभर मला बोल लावत आली. गाठ वाईटच निघाली. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

तरी पुढे दर तपासणीला ती बाकावरच्या बायकांना मासळीचे भाव सांगत बसायची, आणि मी दारापाशी येरझारा घालायचे.

“बस की गं जरा,” ती ओरडायची.

मला बसवतच नसे.