चाचांचं पिस्तूल आणि माझं तेल

दुबईच्या बाहेर, वाळवंटाला लागून असलेल्या एका शूटिंग क्लबच्या गेटवर मी दोन वर्षं दांडा वर-खाली केला. गाडी आली की वर, गेली की खाली. त्याआधी सतरा वर्षं मी फौजेत आर्मरर होतो, म्हणजे पलटणीची हत्यारं दुरुस्त करणारा. आमच्या साताऱ्याकडच्या गावात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे तिथे त्याचं कुणाला कौतुक नाही. पण माझ्या हाताखालून गेलेल्या रायफलीने ऐनवेळी दगा दिला, असं मला कुणी कधी ऐकवलेलं नाही. निवृत्त झाल्यावर इकडे आलो तो गार्ड म्हणून. एजंटने 'हत्यारांच्या जागी काम' असं सांगितलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. हत्यारं आत होती आणि मी बाहेर होतो.

क्लबमध्ये हत्यारांचं दुकान होतं आणि दुकानामागे दुरुस्तीची खोली. तिथला मेकॅनिक नोकरी सोडून गेला, तेव्हा मी धीर करून मॅनेजरांना भेटलो. ते पुण्याचे, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये बायको-मुलांसह राहणारे. त्यांनी माझे फौजेचे कागद दोनदा वाचले आणि म्हणाले, "हवालदार, तीन महिने ट्रायल देतो. पण एक जरी सीरियस कम्प्लेंट आली ना, तर बॅक टु गेट. फेअर इनफ?"

मी म्हटलं, "फेअर आहे, सर."

त्यांचे उपकार मी विसरणार नाही. गार्डला दुरुस्तीच्या बेंचवर बसवायचं, म्हणजे उद्या काही झालं तर त्यांना वर जाब द्यावा लागणार होता. त्या दिवशी घरी फोन केला. बायकोने विचारलं, "एसी आहे का तिथं?" म्हटलं, आहे. "मग बरं झालं बाई," म्हणाली आणि पाण्याच्या टाकीचं बोलू लागली. तिला काय सांगणार, की दोन वर्षांनी बोटांना तेलाचा वास आला आणि मी जेवताना तो धुवून टाकला नाही. पुन्हा गेटवर जायचं नव्हतं मला. उन्हाचं काही नाही, ऊन मी पुष्कळ सोसलंय. आपल्याला येणारं काम डोळ्यांसमोर दुसरा कुणी वाईट करतोय आणि आपण दांडा उचलतोय, हे मला सोसत नव्हतं.

पहिल्या महिन्यातच चाचा आले. सत्तरीचे, काटक, कंदुऱ्याच्या, म्हणजे इथल्या पायघोळ झग्याच्या, खालच्या काठाला लाल वाळू लागलेली. त्यांचं उंटांचं फार्म होतं, तासाभराच्या वाटेवर, आणि चाऱ्याने भरलेली पिकअप ते स्वतः चालवत आले होते. इथल्या जुन्या लोकांना हिंदी येतं, त्यांचं तर माझ्याहून बरं होतं. मी त्यांना 'अरबाब' म्हटलं, कारण इथे मालक माणसाला तसंच म्हणतात. ते म्हणाले, "अरबाब तेरा वो अंदर बैठा है. मैं चाचा."

त्यांना गाडीत आणि फार्मवर ठेवायला पिस्तूल हवं होतं. परवाना त्यांच्या नावावर होता, कागद आधीच तपासून झाले होते. आमच्यासारख्या बाहेरच्याने हत्याराला हात लावायचा तो फक्त क्लबच्या आत. मॅनेजरांनी काचेच्या कपाटातून एक चकचकीत पिस्तूल काढलं. आरशासारखी नळी, मुठीवर नक्षी. नवरदेवाच्या कमरेला शोभलं असतं. चाचांनी ते हातात घेतलं, मोठ्या अदबीने परत ठेवलं आणि माझ्याकडे वळले.

"तू बता. गाड़ी में रहेगा, फार्म पे रहेगा. रेत है, धूप है, ऊँट का थूक है. कौन सा?"

आजवर हत्यारं माझ्याकडे मोडूनच आली होती. कुठलं घेऊ, असं मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं.

मी तीन पिस्तुलं कापडावर मांडली. चकचकीत बाजूला केलं. घामट हातातून ते निसटणार आणि पहिल्याच महिन्यात ओरखडे पडून मालकाला हळहळ लागणार. दुसरं छोटं आणि हलकं होतं, सगळे भाग एकमेकांना घट्ट बसलेले. शहरातल्या माणसाला ते छान. पण इतक्या घट्ट हत्यारात वाळूचा कण गेला तरी ते रुसतं. तिसरं काळं, जाड, दिसायला अगदीच ओबडधोबड. प्लास्टिकची मूठ खरबरीत, आतले भाग थोडे सैल, निशाण्याचे ठिपके मोठे, म्हातारपणच्या नजरेलाही दिसतील असे. उघडायला कसलंच अवजार लागत नाही. ते रिकामं आहे हे मी दोनदा बघितलं, मग चाचांनाही दाखवलं.

"गिरेगा तो?" त्यांनी विचारलं.

मी ते कमरेइतक्या उंचीवरून रबरी मॅटवर सोडून दिलं. मॅनेजरांनी डोळे मिटले. मी उचलून खटका ओढून दाखवला, सगळं जागच्या जागी होतं. चाचा पहिल्यांदा हसले. मग मी सुटलोच. सीटखाली ठेवू नका, कुणाही मुलाच्या हाताला लागेल. डॅशबोर्डवर तर नकोच, ऊन फार. सीटमागे लोखंडी पेटी बोल्टने पक्की करा, कुलूप लावा. माझ्यासोबत खोलीवर राहणारा एक कोकणातला माणूस रास अल खोरच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करतो, तो मापाची पेटी बनवून देईल. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खलास. ये काला वाला."

इथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं. तो माल निवडण्यात आजही कुणी खोट काढून दाखवावी.

चूक पुढची. आमच्या उस्तादांनी मला हे काम शिकवलं ते अशा डोंगरात, जिथे सात-आठ महिने पाऊस आणि पेटीतल्या बुटांवर बुरशी. उस्ताद म्हणायचे, म्हैस आणि रायफल, दोघींच्या अंगावर ओल पाहिजे. तेल कमी दिसलं की ते हत्यार बाजूला ठेवायचे आणि आधी आमच्या पाठीला हात लावायचे. गंज हा आमचा एकच शत्रू. चाचांचं पिस्तूल मी त्याच श्रद्धेने उघडलं आणि सगळ्या भागांना तेल लावलं. नुसतं लावलं नाही, न्हाऊ घातलं. मग आमच्या पलटणीच्या रिवाजाप्रमाणे पहिल्या गोळ्या स्वतः झाडल्या, कारण ज्याने हत्यार हातावेगळं केलं त्यानेच ते आधी चालवून बघायचं. क्लबच्या आतल्या, एसी लावलेल्या, रोज पुसल्या जाणाऱ्या रेंजवर पन्नास गोळ्या सुरळीत गेल्या.

पिस्तूल देताना मी तेलाची छोटी बाटलीही दिली. "रोज दो बूँद, चाचा. भूलना नहीं."

त्यांनी बोट लावून बघितलं. "इतना तेल?"

"चाचा, सत्रह साल यही काम किया है," मी म्हटलं. आवाजात जरा तोराही होता. त्यांनी बोट रुमालाला पुसलं आणि बाटली खिशात घातली. वडीलधारी माणसं शिकलेल्याचं ऐकून घेतात, तसं त्यांनी ऐकून घेतलं.

तीन महिने संपायला दहा दिवस उरले होते तेव्हा ते परत आले. पिस्तूल पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं होतं. त्यांनी ते काउंटरवर ठेवलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं. आदल्या आठवड्यात दोन दिवस वारा होता, वाळू उडत होती. पहाटे भटकी कुत्री फार्ममध्ये शिरली. आठ दिवसांचं उंटाचं पिल्लू आईपासून जरा लांब होतं. चाचांनी कुत्री पळवायला एक गोळी वाळूत झाडली. कुत्री मागे हटली. दुसरी झाडायला गेले तर पिस्तूल अडकलं. कुत्र्यांना ते लगेच कळलं. काठी घेऊन पोचेपर्यंत पिल्लाचं नरडं फाटलं होतं.

"उसकी माँ अभी भी उधर ही बैठती है," ते म्हणाले.

मॅनेजर गडबडले. "सॉरी चाचा, व्हेरी सॉरी. हम देखते हैं." मग माझ्याकडे वळून मराठीत, हळू आवाजात, "हवालदार, तुम्ही काही बोलू नका. वॉरंटीत टाकू, मॅन्युफॅक्चररला पाठवू. मॅटर क्लोज."

मी पिस्तूल आत नेलं आणि उघडलं. आत राखाडी लगदा होता. तेलावर वाळू बसली होती, तिच्यावर पुन्हा तेल, पुन्हा वाळू, खलबत्त्यात वाटल्यासारखी. वरचा सरकता भाग, स्लाइड, त्यात रुतला होता. अति तिथे माती, दुसरं काय. माझं सांगणं चाचांनी मनोभावे पाळलं होतं, रोज दोन थेंब, एक दिवस न चुकवता.

खोटं कशाला बोलू, मी ते पुसायला चिंदी उचलली होती. आमच्याकडे हत्यार पुसायच्या कापडाच्या तुकड्याला चिंदी म्हणतात. एकदा फिरवली असती की पुरावा गेला असता. कारखान्याला पत्र, मला बेंच, सगळे खूश. दारातून मला चाचा दिसत होते. त्यांनी खुर्ची घेतली नव्हती. मला त्यांच्या उंटिणीचा विचार आला आणि मग दुसरा विचार सुचलाच नाही.

मी तो उघडा भाग तसाच हातात घेऊन बाहेर आलो. "चाचा, पिस्तौल में कोई खराबी नहीं है. गलती मेरी है. आपने पूछा था, इतना तेल? आपको मालूम था. मैंने सुना नहीं."

मॅनेजरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्याच अंगावर ते तेल ओतलं होतं. चाचा मात्र लगद्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "तेरे गाँव में बारिश होती है?"

"बहुत, चाचा."

"तो उधर तू सही है."

त्यांनी डोक्यावरच्या रुमालाचं टोक घेतलं आणि तो भाग माझ्या हातातच पुसायला लागले, सावकाश, घासून, शेवटचा ओशटपणा जाईपर्यंत. त्यांचे वडील रायफल अशीच ठेवायचे म्हणाले. कोरडं फडकं, रोज, आणि तेल फक्त दोन जागी, जिथे लोखंड लोखंडावर घासतं, तेही बोटाने लावून पुन्हा पुसायचं. "इधर पानी दुश्मन नहीं है. पानी इधर है ही कहाँ? इधर रेत है. रेत गीली चीज़ ढूँढती है." सतरा वर्षांची विद्या माझी, आणि शाळेत न गेलेला म्हातारा ती मला पहिल्या धड्यापासून शिकवत होता. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. उस्तादांच्या हातचा मार मी पचवला होता, हे पचत नव्हतं.

मॅनेजरांनी घसा खाकरला. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांनाही नोकरी होती आणि त्यांनी मला शब्द दिला होता. ते चाचांना म्हणाले, "चाचा, यू आर राइट टु बी अँग्री. आपको नया पीस देंगे, दूसरा आदमी तैयार करेगा. ये कल से वापस गेट पे." मग मला मराठीत, "सॉरी हवालदार, ठरलं होतं आपलं."

मी मान हलवली. ठरलं होतं, त्यात खोटं काही नव्हतं. मनात मी ड्युटीचा शर्ट इस्त्रीला टाकूनही मोकळा झालो होतो.

"नया नहीं चाहिए," चाचा म्हणाले. "पिस्तौल यही अच्छा है, इसने ठीक चुना. और सफाई यही करेगा."

"पर चाचा, पॉलिसी..."

चाचांनी हात वर केला. आवाज चढवला नाही. "इसको ये सबक सिखाने में मेरा बच्चा गया. इतना महँगा सबक. अब तू इसको गेट पे खड़ा करेगा? तो मेरा बच्चा किसके लिए गया?"

मॅनेजरांनी काउंटरवरचे कागद गोळा केले. नंतर म्हणाले, "ओके, चाचा. ओके," आणि मला नुसत्या मानेनेच आत जायला सांगितलं.

मी आत आलो. चाचांचे आभार मानायला शब्द शोधत होतो. हिंदीत सापडले नाहीत, आणि मराठीतले त्यांना कळले नसते. हातातली चिंदी डोळ्यांना लागून ओली झाली होती. ती टाकून दिली, दुसरी कोरडी घेतली आणि पिस्तूल पुसायला बसलो.