पाटीवर गावाचे नाव मोठे लिहिणाऱ्या रामटेके बाई

श्रीमती कुसुमबाई रामटेके यांची आणि माझी पहिली भेट पळसटोल्याच्या शाखेत झाली. आमच्या झाडीपट्टी ग्रामीण बँकेचे राज्यातल्या इतर ग्रामीण बँकांसोबत विलीनीकरण ठरले होते आणि शाखेची संगणकप्रणाली बदलण्यासाठी मला पाठवले होते. मी ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत वाढलेली. गडचिरोलीच्या जंगलात पहिल्यांदाच आले होते. पोचल्याबरोबर मी सर्व्हर कुठे आहे ते विचारले. शाखाधिकारी असलेल्या बाई म्हणाल्या, “आधी पाणी पी, पोरी. तो डब्बा कुठी पळून नाई राह्यला.”

काम लांबले. शेवटची बस चुकली की माझा मुक्काम बाईंच्या घरी असे. पहिल्या दिवशी त्यांनी खोली दाखवली, आतली कडी नीट बसते का ते स्वतः लावून पाहिले आणि म्हणाल्या, “आमच्यासंगं जेवाचं असन तं ये, नाई तं ताट इथीच आणून देतो.” घरी कोण असते, लग्नाचे काय, हे त्यांनी आजवर विचारलेले नाही. याहून चांगला पाहुणचार मला ठाऊक नाही.

बँकेचे नाव ही तोवर माझ्या दृष्टीने प्रणालीतल्या एका रकान्यातली नोंद होती. जुने नाव काढायचे, नवे भरायचे. नवे नाव अख्ख्या राज्याला पुरेल असे होते. त्यात झाडी, म्हणजे हा जंगलपट्टा, नव्हती. इथले लोक मात्र पूर्ण नाव कधी घेतच नसत. ते म्हणत, ‘झाडीची बँक’.

जुनी पाटी उतरली ती नेमकी बाजाराच्या दिवशी, आणि नवी अजून यायची होती. या भागात दुकानाची पाटी उतरली म्हणजे दुकानदार गाव सोडून चालला, असे धरतात. दुपारी शाखेत बचतगटांच्या बायकांची गर्दी झाली. सर्वांत पुढे होत्या एका गटाच्या अध्यक्ष सोनाबाई मडावी.

“काऊन बाई, झाडीची बँक उठली म्हनते लोकं. आमचा पैसा देऊन टाका.”

“उठली नाई, सोनाबाई. नाव बदललं फक्त. लग्नात तुमचं नाई बदललं का?”

“बदललं ना! पन तवा माहेर सोडा लागलं. तुमी कवा सोडता, ते सांगा.”

रांगेत हशा पिकला. बाईही हसल्या, पण प्रश्न खरा होता. तालुक्याची दुसऱ्या बँकेची शाखा आता आमचीच झाली होती, आणि जवळच्या दोन शाखांपैकी एक बंद करण्याचा विचार वर चालू होता. पळसटोल्याची गेली असती तर या बायकांना प्रत्येक कामासाठी जंगल ओलांडून तालुक्याला जावे लागले असते, मजुरी बुडवून. अशा वेळी ‘काही होणार नाही’ म्हणणे सोपे असते. बाई म्हणाल्या, “राहीन का नाई, मले मालूम नाई. वर विचारतो. ज्याले आजच पायजे त्यानं पैसा न्यावा.” काहींनी नेला. सोनाबाई म्हणाल्या, “तुमी विचारा. मंग पाहू.”

नवी पाटी आली. बँकेचे नाव ठळक, शाखेचे कोपऱ्यात, बोटभर. बाईंनी मुख्यालयाचा नमुना माझ्याकडून वाचून घेतला. त्यात शाखेच्या नावाची किमान उंची दिली होती. कमाल दिली नव्हती. मी तसे सांगितले. त्याच दिवशी बाईंनी पेंटर बोलावून ‘पळसटोला’ हे नाव बँकेच्या नावाएवढे लिहून घेतले.

मग त्यांनी विभागीय व्यवस्थापकांना पाटी पाहायला बोलावले, अर्थातच बाजाराच्या दिवशी. साहेब वर पाहून म्हणाले, “अक्षरं जरा मोठी झालीत.”

“नियमात बसते, साहेब,” बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बोट केले.

बाजारात साहेबांनी विलीनीकरणाचे फायदे सांगितले. सोनाबाईंनी ऐकून घेतले आणि विचारले, “साहेब, तुमी कुठचे?”

“साताऱ्याकडचा.”

“तुमच्या गावात बँक हाये?”

“आहे.”

“मंग तिलेच हालवा ना.”

साहेब गोरेमोरे झाले. “साहेबाले च्या तं पिऊ द्या,” म्हणून बाईंनी त्यांना सोडवले. पण परतीला त्यांची गाडी पुढे पाठवून दिली आणि त्यांना बायकांसोबत तालुक्याच्या जीपमध्ये बसवले. बायका आत, पोरे मांडीवर, साहेब मागच्या फळीवर टोपल्यांमध्ये. त्या रस्त्याने जाणाऱ्याला शाखा कुठे हवी, हे वेगळे समजवावे लागत नाही.

पळसटोल्याची शाखा कायम ठेवण्याचा आदेश आला, तेव्हा बाईंनी तो बाजारात उभे राहून वाचला. सोनाबाई म्हणाल्या, “मंग ठीक हाये. आता नाव काई बी ठेवा.”

या महिन्यात बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, आणि त्या निवृत्त होत आहेत. निवृत्तिवेतनधारकाला दरवर्षी नोव्हेंबरात शाखेत येऊन हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता तो मोबाइलवरूनही देता येतो. ती सोय मी बाईंना शिकवणार नाही. त्यांनी दर नोव्हेंबरात ठणठणीत पायांनी पळसटोल्याच्या शाखेत यावे, रांगेत उभे राहून सोनाबाईंचे टोमणे ऐकावेत, आणि त्यांचा दाखला आम्ही इतकी वर्षे नोंदवत राहावे, की वरच्या कार्यालयाने एकदा तरी शंका काढावी.